पॉवर प्रेसवर बोटं गेली, मालक म्हणतो "गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावायची जाळी) तूच काढलास": नुकसानभरपाई बसते का?

संघटना_मदत

संघटनेकडे एक प्रकरण आलं आहे. कागद जमवण्याआधी पाया बरोबर आहे ना, हे पाहायचं आहे.

शीटमेटलचं छोटं वर्कशॉप. कामगार ठेकेदारामार्फत लागलेला, वय 30 पूर्ण, पगार महिना 17,000, अर्धा रोख आणि अर्धा ठेकेदाराच्या खात्यातून. मार्च 2025 मध्ये 30 टनी मेकॅनिकल प्रेसवर ब्लँक (दाबायचा पत्र्याचा तुकडा) ठेवताना रॅम (प्रेसचा वरून दाब देणारा भाग) खाली आला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. दोन महिने उपचार चालले. दवाखान्याचं बिल 38,000, ते मालकाने भरलं. नंतर 500 च्या स्टँपपेपरवर "यापुढे माझी कोणतीही मागणी नाही" असं लिहून घेऊन 20,000 हातावर ठेवले.

मालकाचं म्हणणं असं: एक, तो माझा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे. दोन, गार्ड त्यानेच काढला होता. तीन, हिशेब मिटला आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) चा हप्ता पगारातून कधी कापलेला नाही. हे प्रकरण नुकसानभरपाईत बसतं का? आणि रक्कम कशी काढायची?

कामगार_न्यायालय_वकील

रक्कम नंतर बघू. सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगा: त्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराची माणसं धरून एकूण किती जण काम करतात?

कारण असं. युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील, भाग ईएसआयच्या कक्षेत असेल आणि पगार 21,000 च्या आत असेल, तर तो कामगार विमाधारक ठरतो. मालकाने नोंदणी केली नाही, हप्ता भरला नाही, तरीही ठरतो. विमाधारकाच्या व्याख्येत हप्ता "देय आहे किंवा होता" असे शब्द आहेत, "भरला" असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे एकापेक्षा जास्त निकालांत स्पष्ट केलं आहे. आणि विमाधारक ठरला की ईएसआय कायद्याचं कलम 53 आडवं येतं: 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाकडून रक्कम मागता येत नाही. लोक दोन वर्षं नुकसानभरपाई आयुक्तांपुढे केस चालवतात, आणि शेवटच्या सुनावणीला मालकाचा वकील उठून सांगतो की आमच्याकडे बारा माणसं होती. अर्ज तिथेच पडतो.

ईएसआय लागू असेल तर तिथेच जा, त्यात नुकसान नाही. बरा होईपर्यंत सरासरी रोजगाराच्या 90 टक्के मिळतात, कायमच्या अपंगत्वाला मेडिकल बोर्ड ठरवेल त्या टक्क्याने आयुष्यभर दरमहा. कामावरच्या इजेसाठी किती महिने हप्ता भरला याची अट नाही. मालकाने हप्ता बुडवला असेल तर ईएसआय महामंडळ तो त्याच्याकडून वसूल करतं, कामगाराने त्यासाठी थांबायचं नसतं.

संघटना_मदत

मालक, त्याचा मुलगा आणि सहा कामगार. सहापैकी चार ठेकेदाराचे. कागदावर किंवा प्रत्यक्षात, दहा कधीच झाले नाहीत.

कामगार_न्यायालय_वकील

मग ईएसआय नाही, 1923 चा कायदाच. दुसरा मुद्दा तारखेचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण तुमचा अपघात मार्चमधला. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उभी राहते, हे 1976 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ठरलेलं आहे. त्यामुळे हक्क आणि रक्कम जुन्या कायद्यानेच मोजा. अर्ज आता कुणापुढे घ्यायचा हे मात्र फाइलिंग काउंटरवर विचारून घ्या.

आता बसतं का ते पाहू. कलम 3 चे शब्द असे: नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला अपघात. दोन्ही लागतात. नोकरीच्या ओघात म्हणजे वेळ आणि जागा. नोकरीतून उद्भवलेला म्हणजे त्या कामाच्या धोक्यामुळे. पाळीच्या वेळेत प्रेसवर ब्लँक ठेवताना बोट गेलं, यात दोन्ही आपोआप येतात. एवढ्या छोट्या युनिटला कायदा लागू होतो का, असा प्रश्न येईल. होतो. परिशिष्ट 2 मध्ये यांत्रिक किंवा विजेच्या शक्तीवर उत्पादन चालणारी जागा आहे, माणसांच्या संख्येची अट नाही.

ठेकेदाराचा मुद्दा कलम 12 ने संपतो. स्वतःच्या धंद्याचाच भाग असलेलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं आणि अपघात आपल्याच जागेत झाला, तर मूळ मालक जबाबदार. शीटमेटलच्या वर्कशॉपमध्ये प्रेस चालवणं हा धंद्याचाच भाग आहे. मालकाने भरावं आणि ठेकेदाराकडून वसूल करावं, कायदा त्याला ती मुभा देतो. अर्जात मालक सामनेवाला क्रमांक 1, ठेकेदार क्रमांक 2. विमा पॉलिसी असेल तर कंपनी क्रमांक 3. फक्त ठेकेदाराला सामनेवाला करण्याची चूक फार होते, आणि तो तिसऱ्या तारखेला गायब होतो.

स्टँपपेपर: कलम 17. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर तिचं ज्ञापन (लेखी टिपण) आयुक्तांकडे नोंदवावं लागतं, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. घरच्या घरी केलेल्या कागदाला किंमत नाही. पण तो कागद फाडून टाकू नका. "आमच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर झालेला अपघात" असं त्यात लिहिलं असेल, तर नोकरी आणि अपघात दोन्हींचा तो मालकाच्याच सहीचा पुरावा आहे.

प्रेसशॉप_सेफ्टी

गार्डबद्दल लिहितो, कारण या प्रकरणात खरी लढाई तिथेच होणार.

मालक जे कलम पुढे करतोय त्याचे शब्द नीट वाचा. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व सोडून बाकीच्या इजांत तीन कारणांनी भरपाई नाकारता येते: दारू किंवा नशेचा अंमल, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेल्या आदेशाचा हेतुपुरस्सर भंग, आणि सुरक्षेसाठीच बसवलेला गार्ड, तसं माहीत असूनही, हेतुपुरस्सर काढणं किंवा दुर्लक्षणं. बोटांची इजा अंशतः कायमची असल्याने हा बचाव घेता येतो, हे मान्य करून चला. पण सिद्ध मालकाला करायचंय. निष्काळजीपणा म्हणजे हेतुपुरस्सर नव्हे.

तुम्ही त्या कामगाराला नेमके हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा:

त्या डायला (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला) बसणारा गार्ड मुळात होता का? छोट्या शॉपमध्ये एकच फिक्स गार्ड असतो, तो एका टूलला बसतो आणि दुसऱ्या टूलला आडवा येतो, म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो. त्या जॉबला गार्डच नव्हता, तर काढण्याचा प्रश्नच नाही.

डाय कुणी सेट केली? सेटर किंवा सुपरवायझरने गार्डशिवाय सेट करून मशीन हवाली केलं असेल तर ऑपरेटरने काय काढलं?

मशीन पायाच्या पेडलवर होतं की दोन्ही हातांच्या बटणांवर? दोन बटणांपैकी एक वायर मारून कायमचं दाबून ठेवलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ते काम ऑपरेटर नाही, इलेक्ट्रिशियन करतो. कुणाच्या सांगण्यावरून, ते विचारा.

ब्लँक ठेवायला चिमटा किंवा मॅग्नेट पिकअप दिला होता का? दिला नसेल तर हात डायमध्ये घातल्याशिवाय ते काम होतच नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याने पेडल दाबलं होतं का? की एकदा दाबून सोडल्यावर रॅम दुसऱ्यांदा आला? मेकॅनिकल प्रेसमध्ये क्लचची की (फिरत्या चाकाची गती रॅमला जोडणारा तुकडा) झिजली, तिचा स्प्रिंग मऊ पडला किंवा ब्रेक सैल झाला, की रॅम वरच्या टोकाला थांबत नाही, आणखी एक फेरी मारतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. ऑपरेटर पहिल्या स्ट्रोकनंतर पीस काढायला हात घालतो आणि दुसरा स्ट्रोक बोटावर येतो. हे घडलं असेल तर गार्डचा वाद दुय्यम ठरतो, मशीनच्या देखभालीवर बोट ठेवता येतं. अपघातानंतर लगेच क्लचची की किंवा ब्रेक लायनिंग बदललं असेल तर त्याचं बिल, नाही तर बदलणाऱ्या मेकॅनिकचं नाव मिळवा. आज त्या मशीनवर चकचकीत नवीन गार्ड दिसेल. त्याचाही फोटो घ्या, रंग आणि बोल्ट अपघातानंतरचे आहेत हे नंतर दाखवता येतं.

प्रॉडक्शनसाठी दर पाळीला किती पीसचं टार्गेट होतं हेही विचारा. गार्ड लावून तेवढे पीस निघतच नसतील, तर मालकाला ते माहीत होतं. सुपरवायझरचे टार्गेटचे व्हॉट्सअॅप मेसेज तारखेसकट जपून ठेवा.

विमा_दावे_कक्ष

रक्कम. गणित सोपं आहे, पण आकडे योग्य जागचे घ्यायला हवेत.

पगार 17,000 असला तरी हिशेबाला कमाल 15,000 धरतात. ही मर्यादा 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने 8,000 वरून वाढली. अजूनही 8,000 धरून काढलेले हिशेब अर्जात दिसतात, तसं करू नका.

पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम म्हणजे पगाराच्या 60 टक्के गुणिले परिशिष्ट 4 मधला वयाचा घटक. 30 पूर्ण वयाला घटक 207.98. म्हणजे 9,000 × 207.98 = 18,71,820.

अंशतः कायमच्या अपंगत्वाला याचे टक्के. परिशिष्ट 1 मध्ये तर्जनीची दोन पेरं 11 टक्के, मधल्या बोटाचं एक पेर 7 टक्के. एकाच अपघातातल्या इजांची बेरीज करतात: 18 टक्के. 18,71,820 चे 18 टक्के = 3,36,928 रुपये.

इथे एक्स-रे फार महत्त्वाचा. परिशिष्टात "एक पेर" आणि "हाड न जाता टोक कापलं" या वेगळ्या नोंदी आहेत. मधल्या बोटाला पहिलीचे 7, दुसरीचे 4 टक्के. तर्जनीला हेच 9 आणि 5. डिस्चार्ज कार्डवर अनेकदा नुसतं "फिंगर टिप इंज्युरी" लिहितात आणि मग हाड गेलेलं असूनही टोकाचेच टक्के हातात पडतात. ऑपरेशननंतरचा एक्स-रे आणि कोणतं हाड कुठून कापलं हे सांगणारी सर्जनची नोंद आधी काढून घ्या. जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र हे वेगळं मोजमाप आहे, ते हाताचं अपंगत्व सांगतं. भरपाई कमाईच्या क्षमतेवर ठरते, म्हणून दोन आकडे वेगळे आले तरी घाबरू नका.

38,000 वजा होणार नाहीत. उपचारांवरचा खर्च ही भरपाई नव्हे, असं कायद्यातच लिहिलं आहे, उलट उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचाच असतो. कामगाराने स्वतः औषधं, ड्रेसिंग यांवर जे खर्च केले त्यांच्या पावत्या अर्जाला जोडा. हातावर ठेवलेले 20,000 मात्र वजा होऊ शकतात, ते लपवू नका. लपवलेलं उलटतपासणीत निघालं की बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास जातो.

उपचाराच्या दोन महिन्यांसाठी दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 3,750 प्रमाणे तात्पुरत्या अपंगत्वाची रक्कम होती. 28 दिवस किंवा जास्त काळ काम बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून, कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून. ती दिली होती का ते तपासा.

महिनाभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज. समर्थनीय कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंडाआधी मालकाला कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते, म्हणून दंडाची मागणी अर्जातच स्पष्ट करा. विमा असला तरी दंड मालकाच्या खिशातून जातो. कंपनी भरपाई देते, व्याज पॉलिसीच्या अटींप्रमाणे, दंड नाही.

पॉलिसी मागवाच. ठेकेदाराच्या कामगारांचा त्यात उल्लेख आहे का आणि किती माणसं घोषित केली आहेत, या दोन ओळी वाचा. दावा बहुतेक वेळा तिथेच अडतो. तो वाद मालक आणि कंपनी यांच्यातला, कामगाराचा मालकावरचा हक्क त्याने कमी होत नाही.

संघटना_मदत

फार उपयोगी. 18 टक्क्यांवर समाधान मानावं का? तो आता प्रेस चालवू शकत नाही, उजव्या हाताची पकड गेली आहे.

कामगार_न्यायालय_वकील

मागणी जास्त करता येते, पण पुराव्यासकट. 1976 च्या त्याच निकालात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराला परिशिष्टातले टक्के न देता 100 टक्के क्षमता गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. बोटांच्या प्रकरणात 100 टक्के मागणारे अर्ज पाहायला मिळतात, मला ते पटत नाहीत. माणूस हेल्पर म्हणून, पॅकिंगला काम करू शकत असेल तर ती मागणी टिकत नाही, आणि उगाच फुगवलेल्या आकड्याने मूळ दावाही हलका दिसतो. हाताच्या तज्ज्ञाकडून पकडीची ताकद, अंगठा आणि तर्जनीची चिमट, सांध्याची हालचाल यांची लेखी तपासणी करून घ्या. डॉक्टर साक्षीला आले तर 18 च्या वर 25-30 टक्के मागणं वाजवी ठरेल. नुसतं प्रमाणपत्र जोडून डॉक्टर आले नाहीत, तर परिशिष्टावरच समाधान मानावं लागतं.

पगाराचा पुरावा: बँकेत आलेला अर्धा पगार दिसतोच. रोखीच्या अर्ध्यासाठी सहकामगाराची साक्ष. तीही नसेल तर किमान त्या उद्योगाचं किमान वेतन तरी धरावं अशी मागणी पर्यायी म्हणून लिहा.

दवाखान्याची पहिली नोंद आजच काढा. "इजा कशी झाली" या रकान्यात "कंपनीत प्रेस मशीनवर" असं असेल तर अर्धी केस झाली. कधी कधी सोबत आलेला सुपरवायझर "घरी दारात सापडलं" असं सांगतो आणि तेच लिहिलं जातं. तसं असेल तर त्या दिवशी दवाखान्यात कोण घेऊन गेलं, बिल कुणाच्या खात्यातून गेलं हे दाखवा. घरच्या इजेचं बिल मालक कशाला भरेल?

मुदत अपघातापासून दोन वर्षं. तुमच्याकडे मार्च 2027 पर्यंत वेळ आहे, पण थांबू नका, साक्षीदार नोकऱ्या बदलतात. आधी मालक आणि ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस: नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, कारण, रक्कम. इतक्या महिन्यांनी दिली तरी चालते, मालकाच्या जागेत आणि त्याच्या माहितीत अपघात झाला असेल तर नोटिशीच्या कमतरतेने दावा बुडत नाही. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, कामगार राहतो त्या भागात किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे करता येतो. कामगार गावी परतला असेल तर त्याच्या जिल्ह्यात करा, तारखांना यायला त्याला सोपं पडेल. दिवाणी दावा मात्र टाकू नका, तो टाकला की हा मार्ग बंद होतो.

नवा_सदस्य

मधेच विचारतो. रात्रपाळीहून बाइकवर घरी जाताना पडला तर हेच लागू होतं का? आणि रोज वजन उचलून कंबर गेली तर?

कामगार_न्यायालय_वकील

बाइकचं: पूर्वी बहुधा नाही. गेटपर्यंत, कंपनीच्या बसमध्ये किंवा कामाला जाण्याचा दुसरा मार्गच नाही अशा ठिकाणी नोकरीचा विस्तार मानत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या वॉचमनचं प्रकरण निकालात काढलं. पहाटे तीनच्या पाळीला जाताना 2003 मध्ये त्याचा अपघाती मृत्यू झाला होता. घर ते काम या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, 1923 च्या कायद्यातही बसतो असा तो निकाल. पाळी संपल्यावर मित्राकडे जेवून दोन तासांनी निघाला तर संबंध तुटला असं म्हणतील. हजेरीची वेळ, नेहमीचा रस्ता आणि अपघाताची वेळ हे तीन कागद जुळले पाहिजेत. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त मिळते. दोन्हीपैकी एकच मार्ग घेता येतो. स्वतःच घसरून पडला असेल तर मात्र नुकसानभरपाई कायदा हाच रस्ता.

कंबरेचं: हळूहळू झिजत गेलेली कंबर म्हणजे अपघात नव्हे. पण अमुक तारखेला 80 किलोची डाय उचलताना कळ आली, तिथेच बसावं लागलं, त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला, तर तो अपघात आहे, आधीपासून मणक्यात दोष असला तरी. दिवस आणि घटना सांगता आली पाहिजे. हळूहळू होणाऱ्या आजारांसाठी परिशिष्ट 3 आहे: सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा वगैरे. त्या यादीत साधी कंबरदुखी नाही.

प्रेसशॉप_सेफ्टी

मूळ प्रकरणाला एक जोड. त्या प्रेसवर आज दुसरा माणूस काम करत असेल. डबल स्ट्रोकचा संशय निघाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. युनिट लहान म्हणून त्यांनी हात वर केले तरी त्या तारखेची पोच मालकाला पाठवा. त्यानंतर "मशीनमध्ये दोष होता हे मला माहीतच नव्हतं" असं त्याला म्हणता येणार नाही. आणि क्लचची की बदलेपर्यंत ते मशीन बंद ठेवायला सांगा.